निळ्या भिंतीवरचे ढग

ढग काढणं सगळ्यात सोपं, असं मला सांगणाऱ्या माणसाला एकदा त्या भिंतीपुढं उभं करायला पाहिजे होतं. वैशाखातल्या दुपारी, तापलेल्या पत्र्याखाली, मागं वस्तीतल्या सगळ्या बाया टक लावून बसलेल्या असताना. मग कळलं असतं सोपं काय असतं ते.

सांगणारे आमचे सर. औरंगपुऱ्यात एका स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी ते चित्रकलेचा क्लास घेतात. मी शाळेत गणित शिकवते. पन्नाशीनंतर डॉक्टरांनी बीपीची गोळी लावली आणि म्हणाले, मॅडम, त्या रागाला काहीतरी छंद लावा. म्हणून मी तिथं गेले. सरांचं म्हणणं, नवशिक्यानं आधी आभाळ काढावं. आभाळाला नाक-डोळे नसतात, चुकलं तरी कुणाला कळत नाही. कागद ओला करायचा, पातळ निळा वरून खाली ओढत न्यायचा, वर गडद, खाली फिका. ओला आहे तोवर कागदी रुमालानं टिपून घ्यायचा. टिपलं तिथं ढग. पांढरा रंग विकत घ्यायचाच नाही. पांढरा कागदातच असतो, तुम्ही फक्त तो उघडा ठेवायचा, असं ते इतक्यांदा सांगायचे की मला झोपेत पाठ म्हणता आलं असतं.

मला जमलं ते. झाडं नाही जमली, घरं नाही जमली, माणसं तर सोडाच, पण ढग जमले. मग काय, अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले आणि एक आभाळ मोबाइलच्या स्टेटसला लावलं. भानगड तिथून सुरू झाली.

माझी आत्या कन्नडच्या पुढं, घाटाकडच्या एका खेड्यात असते. सत्तरी गाठलेली, जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलेली. त्यांच्या वस्तीत नवीन विहार बांधून झाला होता आणि बुद्धपौर्णिमेला मूर्ती बसणार होती. मूर्तीमागच्या भिंतीवर काय लावायचं ते कमिटीनं परस्पर ठरवून टाकलं होतं. मोठा फ्लेक्स. वर बोधिवृक्ष आणि सोनेरी किरणं, खाली कमिटीतल्या पुरुषांचे हात जोडलेले फोटो, अध्यक्षांचा जरा मोठा.

आता गंमत अशी की त्या विहारात रोज संध्याकाळी वंदनेला बसतात त्या बायाच. पुरुष जयंतीला आणि पौर्णिमेला. आत्यानं आयुष्यात पहिल्यांदा मीटिंगमध्ये तोंड उघडलं. म्हणाली, "रोज त्या भिंतीकडं तोंड करून आम्ही बसतो. डोळं उघडलं की तुमचीच तोंडं बघायची व्हय? तिथं आभाळ पाहिजे. माझी भाची लई मोठी चित्रकार हाय शहरात, ती काढून देती." आणि माझं स्टेटस सगळ्यांना दाखवलं.

पुरुष हसले. अध्यक्ष म्हणाले, काढू द्या, मूर्ती बसायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही येऊन बघू. बरं दिसलं तर ठीक, नाही तर फ्लेक्स छापून तयारच आहे.

आत्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावर ओरडले. "अगं, मी कसली चित्रकार? मला फक्त ढग येतात!" ती म्हणाली, "मग ढगच तर पाहिजेत." फोन ठेवता ठेवता तिनं हळूच सांगितलं, "नाय म्हनू नको पोरी. बायांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलंय." मी म्हणाले, बरं, भिंत तयार करून ठेवा, मी येते.

भिंत तयार करून ठेवा. एवढंच बोलले मी. पांढरी ठेवा, हे दोन शब्द बोलले असते तर माझ्या जिभेला काय काटे रुतणार होते?

आदल्या दिवशी सकाळची एसटी धरून कन्नडला उतरले, तिथून जीपनं गावात. जयभीम झाला, पाणी झालं, बाया मला हाताला धरूनच विहारात घेऊन गेल्या. मूर्ती कोपऱ्यात पांढऱ्या कापडात झाकून ठेवलेली. आणि समोरची सगळी भिंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कडक निळी. जयंतीच्या झेंड्याचा असतो तो निळा.

"कुणी केलं हे?"

"आम्हीच!" आत्याचा चेहरा नुसता फुलला होता. "आभाळ निळंच असतंय ना? म्हनलं तेवढीच तुझी मेहनत वाचंल. दोन हात दिलेत. आपलाच रंग हाय."

मला आलेलं सगळं ज्ञान पांढऱ्यावरून निळा टिपायचं होतं. इथं टिपणार काय, कपाळ? मी म्हणाले, हे सगळं आधी पांढरं करावं लागेल. आणि बोलल्या क्षणी खोलीतली हवा बदलली. एक पोक्त बाई, आत्याची शेजारीण, पदर सावरत म्हणाली, "निळ्यावर पांढरं फासायचं? आम्ही हातानं मारलेल्या निळ्यावर?" बाकीच्या माझ्याकडं बघायच्या थांबल्या. आत्यानं मला दाराशी ओढलं. "दुसरं कायबी कर. पांढरं नको करू. माझं नाक कापलं जाईल." तिच्या कपाळावर घाम होता. मला तिचाही राग आला, माझाही आला.

सरांना फोन लावला. ते कुठल्याशा लग्नात होते, मागं बँड. मी ओरडून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "भिंतीवर? मॅडम, मी तर जन्मात भिंतीवर काढलं नाही हो. बघा तुम्ही, आभाळच आहे, चुकलं तरी कळत नाही." मी फोन कट केला. तोंडात आलेली शिवी विहारात आहोत म्हणून गिळली.

शेवटी एकीच्या घरी घर रंगवून झाल्यावर उरलेला भिंतीचा पांढरा रंग मिळाला. शिडीवर चढले आणि ब्रशनं एक गोल काढला, त्याला चिकटून दुसरा, तिसरा. पुस्तकात लहान पोरांचे असतात तसे. खाली उतरून बघितलं तर ढग कुठला, निळ्या ताटात पांढऱ्या गोवऱ्या थापल्यासारखं. मागून कुणीतरी पुटपुटलं, "इडल्या हायत." दोघी-तिघी फिसकन हसल्या.

"या मग तुम्ही वर! या, चढा!" मी वर्गात ओरडते तशी ओरडले. आत्या खाली मान घालून बसली. मला वाटलं, हात दाखवून अवलक्षण ते हेच. दुपारची उन्हं दारातून आत आली होती. संध्याकाळी पुरुष येणार. आणि मी या म्हातारीची सगळ्या वस्तीसमोर बेइज्जती करून जाणार. मला खरंच भीती वाटली, इतकी भीती मला माझ्या स्वतःच्या परीक्षांनाही कधी वाटली नव्हती.

रागारागात फडकं बादलीत बुडवलं आणि त्या इडल्या पुसायला लागले. वरची कड जरा सुकली होती, ती निघेना. खालचा रंग मात्र फडक्याबरोबर ओढला गेला, पातळ झाला, निळ्यात विरत गेला. मी थांबले. वर भरीव पांढरं, खाली धूर. हा तर ढग होता! खरा, पोटाखाली सावली असलेला.

कुणालाच काही बोलले नाही. नजर लागते अशा वेळी. बाजूला दुसरा केला. वरच्या कडेला घट्ट पांढरा ठोकायचा, आत ब्रश कोरडा करून नुसता घासायचा, आणि सुकायच्या आत ओल्या फडक्यानं खाली ओढायचं. कड एका बाजूला उजळ ठेवायची, जिकडून ऊन येतंय असं धरलंय तिकडची. वरचे ढग मोठे, खाली जाईल तसे बारके आणि चपटे, म्हणजे लांबचे वाटतात. एवढं तरी सरांकडून शिकले होते.

पण पत्रा असा तापलेला की रंग लावला की सुकला. एक ढग लावते तोवर फडकं कोरडं. "पाणी!" मी ओरडले. आधी कुणी उठेना, मघाची माझी बोलणी त्यांच्या मनात असणारच. मग ती इडल्या म्हणणारीच उठली. तिनं फडकं पिळून माझ्या हातात दिलं आणि दुसरं भिजवायला घेतलं. मग एकेक करून सगळ्या. कुणी शिडी धरली, कुणी भिंतीवर पाण्याचा हबका मारला. "लवकर! सुकतंय!" "अगं, तिकडून वढ!" "लई नको, लई नको!" दुपारभर आम्ही एकमेकींवर नुसत्या खेकसत होतो. जेवायचं कुणाला आठवलं नाही.

डावीकडचा मोठा ढग चुकला. शिडी सरकवण्यात वेळ गेला, तेवढ्यात रंग सुकला. कड कडक राहिली ती राहिलीच. वरून पुसायला गेले तर अजून फासलं. मूर्ती बसणार तिथं, तिच्या खांद्याच्या बरोबर वर, रुसून बसलेल्या म्हशीसारखा तो ढग. दुरुस्त करायला जावं तर म्हैस मोठीच होत जाई! शेवटी आत्यानं माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. उतर आता."

ऊन कललं तशी बाहेर गाडी थांबली. अध्यक्ष आणि कमिटीतले तिघे-चौघे. एकाच्या खांद्यावर फ्लेक्सची लांब गुंडाळी. म्हणजे बघायच्या आधीच निर्णय झाला होता. माझी कानशिलं तापली.

अध्यक्षांनी भिंत बघितली. बराच वेळ बघितली. मग अगदी गोड आवाजात म्हणाले, "मेहनत दिसते ताई. खरंच दिसते. पण उद्या बाहेरगावचे पाहुणे येणार, भन्तेजी येणार. तो डावीकडचा ढग... तुम्हीच बघा. वरून फ्लेक्स लावून घेऊ. आतमध्ये तुमचं चित्र राहीलच की!"

आतमध्ये राहील! माझं डोकंच फिरलं. हातात ब्रश होता, तो तसाच नाचवत मी पुढं झाले. "तुम्ही आधीच घेऊन आलात ना ते? मग मला कशाला बोलावलंत? माझ्या चित्राची..."

"तू गप," आत्या म्हणाली.

ती माझ्याकडं बघतही नव्हती. मला वाटलं, झालं, म्हातारी घाबरली. मला म्हणाली, "तुझं चित्र कुठून आलं ह्याच्यात? तू सकाळच्याला जाशील शहरात." मग अध्यक्षांकडं वळली. आवाज चढलेला नव्हता, पण बारीक कापत होता.

"डावीकडचा वाईट झालाय. म्हाईत हाय आमाला. आमच्याच समोर झालाय. पाहुणे घडीभर बसत्याल आन् जातील. रोज आमी बसतो. आमाला चालतंय."

"मावशी, समजून घ्या, सगळ्या समाजाचा प्रश्न..."

"आमी समाजात नाय व्हय?"

अध्यक्षांनी इतर पुरुषांकडं बघितलं. गुंडाळीवाला शिडीकडं एक पाऊल सरकला. आत्या एकटी पडली असं वाटून मला रडूच फुटायला आलं.

तेव्हा ती शेजारीण उठली, निळ्यावर पांढरं फासायचं का म्हणणारी. हात धुतले, पदर डोक्यावर घेतला, भिंतीसमोर येऊन मांडी घातली. म्हणाली, "वंदनेचा टाइम झालाय." तिच्या मागं दुसरी बसली. मग सगळ्याच. रंगानं बरबटलेल्या हातांच्या, घामानं भिजलेल्या, भिंतीपासून दारापर्यंत दाटीवाटीनं. शिडीपर्यंत जायला पाय ठेवायला जागा उरली नाही. आत्या सगळ्यात पुढं बसली आणि तिनं त्रिसरण सुरू केलं.

वंदना सुरू झाली की आपल्यात कुणी उभं राहत नाही, मधे बोलत नाही. अध्यक्षांनी टोपी काढली, दारातच टेकले. बाकीचे टेकले. गुंडाळीवाला तेवढा उभा. खांद्यावर ती लांब गुंडाळी, एका हातानं तिला धरलेलं. सगळ्यांचे हात जोडलेले, त्याचे जुळेनात. त्यानं अध्यक्षांकडं बघितलं. अध्यक्षांनी डोळे मिटले होते. मग तो वाकला, गुंडाळी दाराबाहेर चपलांच्या शेजारी ठेवली, आणि हात जोडून खाली बसला.

मी सगळ्यात मागं बसले होते. हात जोडले आणि रडले, चांगली हुंदके देऊन रडले. कुणी वळून बघितलं नाही. वंदना संपली, पुरुष उठले, त्यातला एक गुंडाळी उचलून गाडीत टाकून आला. दुसऱ्या दिवशी मूर्ती त्या भिंतीपुढं बसली.