वरच्या मजल्यावरची जिम

आमच्या घरमालकांनी वरच्या खोलीत जिम काढली आहे, अगदी कारखान्याच्या थाटाची. प्लास्टर खरवडून विटा उघड्या पाडल्या. तुमसरच्या एका बंद राइस मिलमधल्या जाड लोखंडी पुल्या आणून वजनं म्हणून दांड्याला लावल्या. आम्ही बरोबर त्या खोलीच्या खाली राहतो.

जिन्यात भेटले की आधी स्वतःचा दंड चाचपतात, मग विचारतात, "आवाज येऊन राहिला का जी?"

मी आमच्या छताला पडलेल्या भेगेचा फोटो दाखवला, तर हसले. "कायले घाबरता भाऊ? स्लॅब एकदम मजबूत हाये."

काल मात्र ते खाली आले, छताकडे बघत उभे राहिले आणि आमच्या तान्हीचा पाळणा स्वतःच ओढत कोपऱ्यात नेला.

"इकडे हवा चांगली लागते," म्हणाले.

त्या कोपऱ्याला खिडकीच नाही.