डॉक्टरांनी न म्हटलेला शब्द

बहीण मरताना माझा हात धरून होती. तेव्हा हे तोंडाशी आलं होतं. गिळलं. तिच्याशिवाय सांगण्यासारखं मला कोणी नव्हतंच. तुम्ही माझे कोणी लागत नाही — म्हणून तुम्हाला सांगते.

मला इंग्रजी येत नाही. चौथीपर्यंत शिकले, तेही मराठीच. पण त्या भाषेतला एक शब्द मी चांगला ओळखते. गिवप. साहेब लोक तो दोन तुकड्यांत बोलतात. आमच्या तोंडी तो एकच होता.

गोंदियाच्या एका दवाखान्यात मी आया होते. रेल्वेची छोटी लाईन तेव्हा नवीनच सुरू झाली होती. मी सोळाव्या वर्षी विधवा झाले, सासरच्यांनी माहेरी आणून टाकलं, माहेरच्यांनी दवाखान्यात चिकटवलं. डॉक्टर बंगाली होते. कधी एखाद्या खाटेजवळ थांबून ते कंपाउंडरला हळू आवाजात म्हणायचे — गिव्ह अप. म्हणजे काय? म्हणजे त्या खाटेचं थर्मामीटर बंद, औषध बंद. खाट मागच्या ओसरीत. नातेवाइकांना सांगायचं, न्यायचं तर न्या. आणि त्या खाटेची आया मोकळी. रोग्याला शब्द कळत नसे. खाट उचलली की कळे.

आम्ही तो शब्द घरचा करून टाकला होता. नासलेलं दूध गिवप. झिजलेला झाडू गिवप. स्वयंपाकीण मला म्हणायची, "तुले त सासरवाल्यायनं गिवप केलं वो!" सगळे हसायचे. मीही हसायची — काय करणार होते?

बघा, अजून मुद्द्यावर येत नाही मी. येते.

सुकवारो नावाची एक बाई होती, माझ्याच वयाची. जंगलपट्टीतली. आईबाप नव्हते. तिचा भाऊ बिरजू तिला बैलगाडीत घालून घेऊन आला. मुदतीचा ताप. डॉक्टरांनी तिला बघितलं आणि मला म्हणाले, ही वाचेल, पण तू हिला सोडून हलायचं नाही. अंग पुसायचं, चमच्यानं दूध-पाणी पाजायचं, घाण काढायची. मी केलं. दिवाळी तिच्या खाटेजवळच गेली.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, आणि रात्रभर दंडार — नाच, सोंगं, गाणी. माझं गाव तिरोड्याजवळ. बहिणीनं निरोप पाठवला होता, ये. विधवेला बोलावणं येतं किती वेळा? डॉक्टरांना सुट्टी मागितली. ते म्हणाले, ही उठून बसेपर्यंत नाही.

ही सबब नाही. यापेक्षा मोठं कारण माझ्याजवळ नव्हतं, एवढं कळावं म्हणून सांगते. मला मंडई बघायची होती.

दुपारी डॉक्टर रेल्वेच्या कोण्या साहेबाला बघायला गेले. कंपाउंडर घोरत होता. बिरजू आवारातल्या कडुनिंबाखाली उकिडवा बसला होता.

"बाई, बहीण कशी आहे माही?"

मी म्हटलं, "डॉक्टरसायबानं गिवप केलं."

त्या आवारात इतके दिवस काढलेल्या माणसाला तो शब्द समजवावा लागत नव्हता. काऊन, असंही त्यानं विचारलं नाही. इंग्रजी शब्दाला कोण विचारतो? उठून त्यानं धोतर झटकलं. "मंग घरीच नेतो. आपल्या माणसायत त राहील."

गाडीत घालताना तिचे पाय मी धरले. तिनं डोळे उघडले. "कुठी नेऊन राहिले, बाई?"

"घरी," मी म्हटलं.

ती खूश झाली. तो चेहरा — जाऊ द्या. तो चेहरा माझ्याजवळच असतो. शेजारी कोणी खाट हलवली, नुसती अंगणातून पडवीत जरी घेतली, तरी मला ऐकू येतं — कुठी नेऊन राहिले, बाई? दिवसाढवळ्या ऐकू येतं. मी आता उत्तर देत नाही.

डॉक्टर परतले. मी सांगितलं, भाऊ ऐकेना, घेऊन गेला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि कंपाउंडरला इंग्रजीत काही म्हटलं. त्यातला एकच शब्द मला कळला, गिवप. भावानंच बहिणीला गिवप केलं, असं ते म्हणत होते. मी उभी होते. बोलले का? नाही.

मंडईला गेले. दंडार पुढे बसून बघितली. सोंगाड्याच्या बोलण्यावर पोट धरून हसले. तेव्हा काहीसुद्धा टोचलं नाही, हेही सांगायला पाहिजे.

धानाची मळणी झाल्यावर बिरजू दवाखान्यात आला, माझ्यासाठी. खांद्यावर नव्या तांदळाची थैली. म्हणाला, "बाई, तू खरं सांगतलं म्हणून. नाही त परक्यायत मेली असती."

मग त्यानं सगळं सांगितलं. घरी गेल्यावर थोड्या दिवसांनी तिचा ताप उतरला. उठून बसली. भूक लागली म्हणाली. त्यांना वाटलं, जाण्याआधीची तरतरी आहे. परत दवाखान्यात आणायचं कोणाच्या मनात आलं नाही. साहेबानं गिवप केलेल्या माणसाला कायले आणायचं? तिची शेवटची इच्छा म्हणून तिला भात घातला. मासे घातले. मागेल ते, पोटभर. सगळ्यांनी जवळ बसून, एकेक घास भरवला. मग तिचं पोट दुखायला लागलं, आणि ती गेली.

मुदतीचा ताप उतरल्यावर कितीतरी दिवस भात द्यायचा नसतो. कच्चं आतडं फाटतं. घरी जाणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टर हे दोनदोनदा बजावत, मला तोंडपाठ होतं. गाडी निघताना मी हे बिरजूला सांगितलं नाही. कशी सांगणार? सांगितलं असतं तर ती वाचणार आहे, हेही सांगावं लागलं असतं.

"हाच तांदूळ," बिरजू म्हणाला. "लय आवडला तिले."

मी थैली घेतली. "देवाची मर्जी," म्हटलं. तो जोहार करून गेला.

त्याच संध्याकाळी मी तो शिजवला, आणि खाल्ला.