साडूचा जड गिअर

गहिनीनाथ बोरुडे हा केडगावात शर्ट-पँटी शिवणारा माणूस. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण साडूचं नाव काढा, हातातली कात्री तिथंच थांबते. हा धाकटा साडू म्हणजे पुंजाराम. आधी साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा, आता भिंगारला राहतो. दोघांकडे एकाच मॉडेलची, पंचवीस वर्षं जुनी, छोटी गाडी. गहिनीनाथनं आधी घेतली होती, हेही ध्यानात ठेवा, कारण तो स्वतः ते कधी विसरत नाही.

गेल्या वर्षी सासुरवाडीच्या लग्नाहून परतताना करंजी घाटात गहिनीनाथची गाडी धापा टाकायला लागली. ओझं कमी करायला माणसं उतरली. तेवढ्यात मागून पुंजाराम आला.

"या आक्का, बसा आमच्यात."

आणि चांगुणा, गहिनीनाथची सख्खी बायको, बसली की! भरलेली गाडी घाट असा चढून गेली, जसा काही घाटच नव्हता. मागच्या काचेतून चांगुणेचा हिरवा पदर वळणापर्यंत दिसत राहिला. तेव्हा गहिनीनाथच्या पोटात जे पेटलं ते पुढे वर्षभर विझलं नाही.

वर चहाला थांबल्यावर पुंजाराम सगळ्यांना ऐकवत होता, "गिअरबाक्सातला शेवटचा गिअर बदललाय. इंजनाची ताकद चाकाला देती ना, ती जोडी. जड टाकलाय, जड!" लोक विचारत होते, कुठं मिळाला, कसा बसवला. गहिनीनाथ कपात बघत बसला. साडूला विचारायचं? त्यापेक्षा गाडी ढकलत नेलेली परवडली.

मग शोध सुरू झाला. नगरच्या गॅरेजवाल्यांनी हात वर केले. पुण्यात एकानं भलत्याच गाडीची जोडी गळ्यात मारायला पाहिली. ऐन दिवाळीची शिलाई पडलेली असताना हा दुकान बंद करून भंगारबाजार पालथे घालत होता. चांगुणा विचारायची, "काय हरवलंय येवढं?" हा म्हणायचा, "काई न्हाई." शेवटी श्रीरामपूरच्या एका जुन्या स्पेअरपार्टवाल्याकडे तेलकट फडक्यात गुंडाळलेल्या दोन जोड्या निघाल्या.

"हलका देऊ का जड?"

"जड," गहिनीनाथ ठसक्यात म्हणाला. "लई जड."

जोडी बसली. पुणे रस्त्याला गाडी अशी पळाली की इंजिनाचा आवाजसुद्धा येईना. गहिनीनाथ एकटाच हसत होता. आता ये म्हणावं पुंज्याला!

संधीही चालून आली. सासूबाईंचं, रंगुबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन नगरला ठरलं. त्यांना आणायला दोन्ही जावई गेले. "आत्याबाई माझ्या गाडीत," गहिनीनाथनं आधीच सांगून टाकलं. सासूबाई पुढे बसल्या, चांगुणा मागे. अर्धा घाट चढला आणि पुढची उसाची ट्रॉली थांबली. तिच्यामागे गाडी थांबवावी लागली. ट्रॉली निघाली, पण गाडी हलेना. उचलायला गेलं की इंजिन बंद. पुन्हा तेच. क्लच जळाल्याचा वास सुटला. मागून पुंजाराम उतरून आला.

"काय टाकलंय हिच्यात?"

"जड. तुमच्यासारखाच."

"सपाटीला लई पळती का?"

"मग!"

पुंजारामनं कपाळावर हात मारला. "आवो साडूभाऊ, आमी ट्रॅक्टरवाले. आमचा जड म्हंजी जड वझं ओढनारा. ह्या गाडीवाल्यांचा जड म्हंजी इंजनाला जड जानारा. उलटाच टाकला की तुमी!" मग जरा हळू आवाजात म्हणाला, "माज्याकडं आनखी येक जोडी पडून हाय. तुमची-माजी गाडी येकच, म्हनून तवाच दोन घेतल्या. पन तुमी कदी इचारलंच न्हाई."

तो खदखदून हसला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. चांगुलपणासुद्धा साडूकडेच जास्त निघावा, याचा गहिनीनाथला नव्यानं जळफळाट झाला.

सासूबाई मुकाट्यानं उतरून पुंजारामच्या गाडीकडे गेल्या. "आक्का, तुमी बी चला," पुंजाराम म्हणाला. गहिनीनाथ समोरच्या काचेतून सरळ रस्त्याकडे बघत राहिला. मागे दार वाजलं. साडूची गाडी शेजारून निघून गेली. त्यानं तिच्यात बघितलंच नाही.

"आता चढंल का?" मागून आवाज आला.

चांगुणा जागेवरच होती.

"तू न्हाई गेलीस?"

"मागं येकदा गेल्ते," ती म्हणाली. "तवापसनं घरात ह्योच जळका वास येतोय."

गहिनीनाथनं उगाच काच खाली केली.

"उद्या भिंगारला जाऊन पाव्हन्यांकडून ती जोडी मागून आना."

त्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं आणि हळूच म्हणाला, "तू मागशील का?"