पट्ट्याला जाळी नव्हती

सांगायचं टाळत आलो. बायको आजारी होती तेव्हा महिनाभर तिच्या उशाशी बसलो, तरी बोललो नाही. आता तुम्हाला सांगतो. आता न सांगून जाणार कुठे?

एकोणीसशे पन्नासनंतरची वर्षं. बारामतीत माझी गुळाची अडत होती, त्या साली नफा चांगला झाला होता. इंदापूर रस्त्याला तेलगिरणी उभी करत होतो. वकील म्हणाले, यंत्र नुसतं विकत घेऊन इन्कमटॅक्समध्ये त्याची सूट मिळत नाही. मार्चअखेरच्या आत ते चाललं, तरच यंदाच्या नफ्यातून वजा होईल. नाहीतर पुढच्या साली. — पुढच्या साली! एका वर्षानं माझं काय बिघडणार होतं? हे आज विचारतो.

मार्च संपत आला. पळसदेवचे नामदेव मिस्त्री इंजिन बसवत होते. म्हणाले, “पट्ट्याला जाळी न्हाय बसली अजून, आण्णा. आठ दिस दम धरा की.”

मी गड्यांसमोर म्हणालो, “भ्याला व्हय मिस्त्री? मग बांगड्या भरा!”

गडी हसले. मिस्त्रीही हसले — आणि त्यांनी इंजिन चालू केलं. तेल गळायला लागलं. ते बघायला वाकले, तेवढ्यात पट्ट्यानं बाही ओढली. उजवा हात कोपरापासून गेला.

फौजदारांनी विचारलं, चालू करायला कुणी सांगितलं? मी म्हणालो — त्यांनी आपल्या मनानं केलं, मी नको म्हणत होतो. गडी गप्प राहिले. पगार माझ्या हातात होता.

इथवर भित्रेपणा म्हणाल. पण पुढचं? इन्कमटॅक्सच्या साहेबांनी गिरणी मार्चमध्ये चालल्याचा पुरावा मागितला. तेलाची विक्री झालीच नव्हती. मी अपघाताचा पंचनामा पुढे केला — तारीख मार्चची, आणि इंजिन चालू होतं असं त्यात लिहिलेलं. सूट मिळाली. मिस्त्रींच्या औषधपाण्याचा खर्चही धंद्याचा म्हणून वजा झाला. — त्या हाताचाही मी फायदा करून घेतला.

मिस्त्रींना पुन्हा कुणी काम दिलं नाही. मालकाचं न ऐकणारा माणूस, असं नाव झालं होतं. ते मी केलेलं.

एकदा पळसदेवला गेलो. ते डाव्या हातानं शेंगा निवडत बसले होते. त्यांनी आपल्या बायकोला चहा टाकायला सांगितला. विचारलं, “गिरणी बरी चाललीय न्हवं, आण्णा?”

मी हो म्हणालो. मग उसाबद्दल, पाण्याबद्दल काहीबाही बोललो. उठलो. पुढं ते वारले.

‘मिस्त्री, चालू करायला मीच सांगितलं होतं, माझं चुकलं’ — एवढं त्या दिवशी जुळवून नेलं होतं. परतीच्या एसटीत ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो, शेजारच्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.