शेडमागची विहीर

राजापेठेत मी दहावीच्या पोरांना विज्ञान शिकवायचे. प्रदूषणाचा धडा तर तोंडपाठ. त्यामुळे बचत गटातल्या पाच जणींना घेऊन शहराबाहेरच्या जुन्या कचरा डेपोलगत प्लास्टिक धुण्याचं शेड टाकलं, तेव्हा आपण पुण्याचं काम करतोय याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. डेपो उकरून निघालेल्या पन्न्या, म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या, आम्ही धुवायच्या आणि अकोल्याच्या कारखान्याला पाठवायच्या. तिथे त्यांचे शेतीचे पाइप होत. कचऱ्याचा डोंगर जरा खाली बसला की माझी मान जरा वर जायची.

शेडमागे एका मावशींचं वावर होतं. त्यांचं सगळं घर वावरातल्या विहिरीचं पाणी प्यायचं. एका सकाळी त्यांनी त्या पाण्याची कळशी माझ्या टेबलावर आदळली. पाणी चहासारखं आणि वर पन्नीचे बारीक तुकडे.

"हे पाहा मॅडम. तुमी कचरा साफ करून राहिल्या का माह्या विहिरीत भरून राहिल्या?"

मी वाद घातला. दोष डेपोचा आहे म्हणून बजावलं. मग त्यांनी मला हाताला धरून शेडच्या मागे नेलं. आमच्या हौदाचं सांडपाणी पाइपातून थेट त्यांच्या बांधाकडे वाहत होतं. वर्षभरात मी तिकडे एकदाही फिरकले नव्हते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच शब्द दिला, "मावशी, तुम्ही हे पाणी पुन्हा पिईपर्यंत शेड बंद."

पाच जणींचा रोज बुडाला. सांडपाणी साठवायला दुसरा हौद बांधला, तर पहिल्याच चाचणीत तो गाळाने भरला. माती निघावी म्हणून मी धुण्याचं पाणी वाढवलं, तर चिखल वाढला. मावशी कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"ओल्या मातीले अजून पाणी काहून पाजता? पावसात वावरातून आलं का चपलीले किलोभर माती लागते. थे धुते का कोणी? वाळू द्या लागते, मंग आपटा लागते."

मी इथलीच. लहानपणी हजारदा चपला अशाच आपटल्या होत्या. पण शेड टाकताना अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे!

वैशाखात पन्न्या ताडपत्रीवर पसरल्या. दोन दिवसांत मातीच्या खपल्या सुटल्या. लोखंडी जाळीचं पिंप करून त्यात पन्न्या घोळल्या, तर माती भुरभुर खाली. ती झाकून डेपोवर परत पाठवायची सोय केली. धुवायला आता थोडंच पाणी लागत होतं, आणि तेच गाळून पुन्हा वापरता येत होतं. मागचा पाइप आम्ही सहा जणींनी पहारीने उखडला. त्या दिवशी मी इतकी ओरडले की घसा बसला.

नंतर मावशींची विहीर उपसली, गाळ काढला. नवं पाणी चढल्यावर ते दोनदा प्रयोगशाळेत तपासून घेतलं. पिण्यायोग्य असल्याचा कागद घेऊन मी धावत गेले आणि धापा टाकत वाचू लागले. मावशींनी अर्ध्यातच थांबवलं. बादली सोडली, पाणी शेंदलं, ओंजळीने पोटभर प्यायल्या आणि पदराने तोंड पुसलं.

"कागद राहू द्या, मॅडम. जा, शेड उघडा."