टोपवालीचं स्वतःचं डोकं

दाराचा पडदा सारला की आधी दिसतात ती डोकी. फळीवर ओळीनं मांडलेली बारा लाकडी डोकी. नाक नाही, डोळे नाहीत, पण केस असे की बघत राहावं. एकावर राणीचा अंबाडा, एकावर वेडीच्या जटा, एकावर कुणा नवऱ्यामुलीच्या दोन लांबसडक वेण्या. खोली रंगमंचाच्या मागे, जिन्याखाली. छत इतकं खाली की राजा असो की हुजऱ्या, आत येताना प्रत्येक जण वाकतो. एकुलत्या खिडकीपाशी स्टुलावर एक बाई बसली आहे. वय एकसष्ट. हातात बारीक आकड्याची सुई. जाळीच्या भोकातून एक केस ओढायचा, गाठ मारायची, पुढचं भोक. असे हजारो केस बांधले की एक टोप होतो. तिचे असे किती टोप झाले, ते मोजायचं तिनं कधीच सोडून दिलं होतं. मान मात्र मोजत असे. चारच्या सुमारास ती अशी काही ठणकायची की टोपवाली सुई ठेवून दोन मिनिटं भिंतीला टेकायची, आणि भिंत ओलसर होती हे तिला रोज नव्यानं आठवायचं.

तिला सगळे टोपवालीच म्हणत. तिचे स्वतःचे केस कुणी पाहिले नव्हते. डोक्याला कायम रुमाल.

एका दुपारी थोरल्या बाई वाकून आत आल्या. चाळीस वर्षं या नाटक मंडळीच्या नायिका, आता बहात्तर पूर्ण.

"काय गं, जिवंत आहेस ना?"

"सुई हलतेय म्हणजे असेन, बाई. बसा."

बाई बसल्या आणि त्यांनी डोक्यावरची शाल मागे सारली. आजारपणाच्या औषधांनी रोग गेला होता, पण जाताना केस घेऊन गेला होता. उरली होती ती पिसं न फुटलेल्या पिल्लासारखी लव. टोपवालीनं बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. नाटकातली माणसं हे फार सफाईनं करतात.

"दीड वर्षानं माझं शेवटचं नाटक," बाई म्हणाल्या. "शेवटच्या अंकात म्हातारी आई केस सोडून पाठमोरी बसते. एक शब्द नाही. पडदा पडतो. तुला ठाऊक आहेच."

"टोप आहे की त्याचा."

"तो लोकरीचा! पहिल्या रांगेला वाटतं मेंढी बसलीय. इतकी वर्षं चालवून घेतलं. शेवटच्या दिवशी मला माणसाचे केस हवेत गं."

टोपवालीनं मनात हिशेब केला. लांब पांढरे केस कुठल्याच व्यापाऱ्याकडे मिळत नाहीत. काळ्याचे पांढरे करावेत तर दिव्याखाली पिवळे पडतात. आणि म्हाताऱ्या बायका केस विकत नाहीत, कारण विकण्याइतके त्यांच्याजवळ उरतच नाहीत. तिनं हात वर केला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत रुमाल सोडला.

"हे चालतील?"

पांढरेशुभ्र होते. रया मात्र गेलेली, टोकं झाडूसारखी. बाईंनी एक बट हातात धरली.

"किती लागतील?"

"अठरा इंच. त्यातले दोन गाठी मारण्यात जातील, सोळा पाठीवर दिसतील. पुढचा भाग लोकरीचा राहिला तरी चालेल, तुम्ही पाठमोऱ्याच बसणार. माझे आत्ता तेरा आहेत. महिन्याला अर्धा इंच वाढतो केस. टोप बांधायला तीन महिने सोडले तरी पंधरा महिने हातात राहतात. वीसपर्यंत जातील. वरचे दोन इंच मला ठेवून बाकी तुमचे."

"कबूल केलंस हं," बाई म्हणाल्या आणि वाकून बाहेर गेल्या.

घरी दोन खोल्या, तिसरा मजला, आणि नणंद. नवरा पंचवीस वर्षांपूर्वी मंडळीबरोबर दौऱ्यावर गेला होता, तो दुसऱ्याच मंडळीत रमला. त्याची बहीण मात्र राहिली. ती शाळेत शिकवायची, म्हणून टोपवाली तिला मास्तरीण म्हणे. शाळा सुटून चार वर्षं झाली होती, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जात होता.

"केस वाढवणार? या वयात?" मास्तरणीनं चष्मा कपाळावर चढवला. "वाढव बाई. माझ्या भावापेक्षा केस बरे. गेले तरी निदान परत येतात."

मग सुरू झाले प्रयोग. कुणी सांगितलं कांद्याचा रस, तो झाला. कुणी कोरफड, कुणी वाटलेली मेथी, कुणी अंड्याचा बलक. टोपवाली दमून घरी यायची, उभ्यानंच दोन घास खायची आणि डोक्याला काहीतरी थापून बसायची. एकदा शेजारीण दार वाजवून विचारून गेली, काही करपलं का म्हणून.

"नाही हो," मास्तरीण आतून ओरडली, "वहिनीचं डोकं शिजतंय!"

चार महिने गेले. टेप लावली तर सव्वातेरा. तेही टेप जरा मनासारखी धरली तर. टोपवाली खाटेवर बसून राहिली. थकवा तिला नवा नव्हता, पण आजवरचा थकवा काहीतरी करून आलेला असे. हा नुसताच आला होता. बाईंना शब्द दिला होता आणि डोकं साथ देत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बेसिनमध्ये पडलेले केस तिनं सवयीनं उचलले. उजेडाकडे धरले. जन्म गेला होता केसांची मुळं एका बाजूला आणि टोकं एका बाजूला लावण्यात. गळालेल्या केसाच्या मुळाशी पांढरा बारीक दाणा असतो. या तुकड्यांना दाणा नव्हता. दोन-दोन, तीन-तीन इंचांचे तुकडे, दोन्हीकडून नुसते तुटलेले. म्हणजे केस वाढत होते. वरून वाढत होते आणि खालून तेवढेच मोडत होते. का, ते मात्र तिला उमगेना.

ते उमगलं मास्तरणीला. टोपवाली चष्मा घरी विसरली होती, तो द्यायला ती थिएटरात आली. जिन्याखाली वाकली आणि दारातच थांबली. टोपवाली राणीचा टोप विंचरत होती. एका हातानं बट मुळाशी घट्ट धरलेली, म्हणजे जाळीला ओढ बसू नये. दुसऱ्या हातात रुंद दातांची लाकडी फणी. आधी अगदी टोकाचा गुंता, मग जरा वर, मग आणखी वर. गुंता हट्टी निघाला तर तेलाचं एक बोट, आणि वर, "सोड गं राणी, सोड, दुखणार नाही."

"अस्सं!" मास्तरीण दारातून म्हणाली. टोपवाली दचकली. "मेल्या केसांशी एवढं गोड? आणि घरी सकाळी सहाला स्वतःच्या डोक्यावर काय कुदळ चालवतेस? टाळूपासून खाली खसाखसा! ओल्या केसांचा अंबाडा आवळून वर रुमाल, तो रात्री सोडायचा. टोप असा बांधून ठेवशील का कधी?"

"ओला टोप बांधला तर कुजेल," टोपवाली म्हणाली. आणि मग फणी हातात तशीच धरून ती खाली बघत राहिली. नाटकात नव्यानं आलेल्या कितीतरी पोरींना तिनं याच चुकीसाठी रडवलं होतं.

"मला वेळ कुठे असतो सकाळी," ती शेवटी म्हणाली.

"मला आहे," मास्तरीण म्हणाली. "ती फणी घरी आण."

संध्याकाळी साडेसातला स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची मांडली गेली. "आजपासून तू टोप," मास्तरणीनं हुकूम सोडला. "टोप बोलत नाहीत. टोप उठून दूध बघायला जात नाहीत." तेल फक्त टोकांना, चार थेंब. धुणं आठवड्यातून दोनदा, टॉवेलनं घासायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि वाळेपर्यंत बांधायचं नाही. उशीला जुन्या मऊ साडीचा अभ्रा. जेवण बसून, ताटात डाळ आणि भाजी दिसलीच पाहिजे. कांद्याला घराबाहेर काढलं नाही, पण त्याला भाजीत परत पाठवलं.

पहिल्या संध्याकाळी फणी टोकांवरून वर सरकू लागली आणि टोपवालीचे डोळे मिटले. आई गेल्यापासून तिच्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. शेकडो डोकी तिनं विंचरली होती, पण तिचं कुणी विंचरावं हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, तिच्याही नाही. दहा मिनिटांत ती बसल्या बसल्या झोपली. मास्तरीण विंचरत राहिली, अर्धा तास, आणि तिला उठवलं नाही.

मग रोज तेच. टोपवाली जिना चढतानाच पाय ओढत यायची, पण खुर्ची दिसली की खांदे खाली येत. त्या वेळात दोघी भांडत. भाजीत मीठ जास्त, शेजारणीचा रेडिओ मोठा, आणि तो गेलेला नवरा लहानपणी किती रडका होता. टोप बोलू लागला होता आणि मास्तरणीनं ते चालवून घेतलं होतं. महिनाअखेर शाळेची लाकडी पट्टी लागे. चौदा. पंधरा. सतरा. केसांना चमकसुद्धा आली. एकदा टोपवालीनं ते खांद्यावरून पुढे घेतले आणि उगाचच दोन मिनिटं बोटांत धरून बसली.

कापायचा दिवस आला तेव्हा पट्टीवर पावणेएकोणीस होते. वाया गेलेले चार महिने परत आले नव्हते.

"दोन इंच ठेवायचे तर पावणेसतराच हाती येतात," मास्तरीण म्हणाली. "गाठी वजा जाता पावणेपंधरा दिसतील. पुष्कळ झाले. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल. मुळापासून काप."

"वहिनी!"

"टाळूला कात्री टेकवून काप म्हटलं ना. पाठीवर रुळले पाहिजेत. खांद्याशी संपले तर म्हातारी आई दिसायची नाही, न्हाव्याकडून उठून आलेली दिसेल."

"एवढे महिने मी काय त्या बाईसाठी विंचरले?" मास्तरणीचा आवाज शाळेतला राहिला नव्हता.

 केसांचं टोपवालीला फारसं वाटत नव्हतं, ते तिचे नव्हतेच, कबूल केलेले होते. पण केस गेले की साडेसातची खुर्चीही जाणार, हे तिला केव्हापासून दिसत होतं, आणि ते तोंडानं म्हणायची सवय तिला नव्हती. तिनं मान खाली घातली. बऱ्याच वेळानं कात्रीचा आवाज आला.

तीन महिने ती स्वतःचेच केस एकेक करून जाळीत बांधत होती. संध्याकाळी घरी आली की जेवायची आणि आडवी व्हायची. मास्तरीण कामापुरतं बोलायची. खुर्ची भिंतीला लागली आणि तिच्यावर घड्या न केलेले कपडे साठत गेले.

शेवटचा प्रयोग दुपारचा होता. टोपवाली विंगेत, पाय सुजलेले, म्हणून स्टुलावर. शेवटच्या अंकात बाई पाठमोऱ्या बसल्या, हात मागे नेला आणि अंबाडा सोडला. केस पाठीवर उतरले आणि थांबले, जिथे थांबायला हवे होते तिथेच. दिव्याखाली पिवळे पडले नाहीत. सभागृहात कुणी खोकलं नाही. टोपवाली बघत होती. आपले केस मागून कसे दिसतात हे ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. पडदा पडल्यावर बाई विंगेत आल्या, तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि तिच्या रुमालावर कपाळ टेकवून तशाच थांबल्या. इतक्या वर्षांत बाईंना संवाद आठवला नाही असं तेव्हाच झालं.

घरी आली तेव्हा साडेसात व्हायचे होते. मास्तरीण प्रयोगाला चौथ्या रांगेत बसली होती आणि आधीच परतली होती. तिचे डोळे लाल होते, पण तिनं कांदा चिरायला घेतला होता, त्यामुळे काही विचारता आलं नाही. टोपवालीनं खुर्चीवरचे कपडे खाटेवर ठेवले. खुर्ची दारात ओढली. बसली. रुमाल सोडला. तीन महिन्यांत दीड इंच उगवले होते, लहान मुलासारखे उभे.

मास्तरीण हात पुसत आली. सवयीनं फणी घेऊनच आली होती. त्या डोक्याकडे बघून थबकली.

"अगं, यात विंचरण्यासारखं आहे काय?"

टोपवालीनं डोळे मिटले.

"फणी राहू दे. नुसता हात फिरव."