जहाज नसलेल्या दिवशी क्रूझ टर्मिनल

विशाखापट्टणमला लोक समुद्र पाहायला जातात. आम्ही क्रूझ टर्मिनल पाहायला गेलो, आणि तेसुद्धा जहाजात बसायला नाही, तर ते बांधायला पैसे कोण देतं हे विचारायला! शेजारच्या काकूंना हे सांगितलं तर त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. पण खरं सांगते, इतकी मजेची सहल मी गेल्या कित्येक वर्षांत केलेली नाही.

आधी कारण सांगते. भिलाईत खुर्सीपारच्या बाजूला आमच्या मराठी मंडळाचं एक मंगल कार्यालय आहे. भंडारा-गोंदियाकडून स्टील प्लांटमध्ये नोकरीला आलेल्या लोकांनी ड्युटी संपल्यावर स्वतः विटा वाहून ते बांधलं. माझे सासरे त्यांच्यातलेच. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, म्हणून इथेही मामाजीच म्हणते. ते प्लेट मिलमधून निवृत्त झाले, आणि आता मंडळाचे सगळ्यात जुने विश्वस्त आहेत. त्याच कार्यालयात आठवड्यातून दोन संध्याकाळी माझा लहान मुलांचा मराठी गाण्यांचा वर्ग भरतो. यातली बरीच पोरं मराठी फक्त घरी बोलतात, तीही आईने डोळे वटारले तर.

तर या कार्यालयाचं छप्पर गेलं. गळतं म्हणजे असं गळतं की पेटीवर छत्री धरावी लागते. वर्गणी मागून मागून कार्यकर्ते थकले. तेवढ्यात जवळच्याच उतईचा एक केटरर पुढे आला. छप्पर, एसी, नवं स्वयंपाकघर, सगळं मी करतो म्हणाला. बदल्यात तीस वर्षं कार्यालयाच्या सगळ्या तारखा त्याच्या. मंडळात दोन तट पडले. पुढच्या रविवारी सभा होती आणि मामाजी ज्या बाजूला बोलतील तिकडे निकाल जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. मामाजींनी मनात सही करूनच टाकली होती. मी घरात भांडी जरा जोरात आपटत होते, बाकी माझ्या हातात काय होतं?

अशात माझी नणंद रश्मी हिचा विशाखापट्टणमहून फोन आला. ती तिथे बंदरांच्या कामांचे करार तयार करणाऱ्या एका फर्ममध्ये आहे. तिला सगळं सांगितलं तर ती उडालीच.

"वहिनी, अगं हेच तर माझं काम आहे! जहाज कंपन्या टर्मिनल बांधतात ना, सेम टू सेम मामला आहे. बाबांना घेऊन ये इकडे."

हे बोलणं सोपं होतं, करणं कठीण. रश्मीने आठ वर्षांपूर्वी तिथेच, ऑफिसातल्या श्रीनिवासशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. मामाजींनी तिच्या लग्नासाठी आमच्या कार्यालयाची फेब्रुवारीतली तारीख आधीच धरून ठेवली होती. लग्न तिकडे झालं तरी त्यांनी ती तारीख सोडली नाही. भाडं भरलं, आणि त्या दिवशी कार्यालयाला कुलूपच राहिलं. नंतर सगळं सुरळीत झालं, रश्मी-श्रीनिवास दिवाळीला येतात, मामाजी जावयाशी हसून बोलतात. पण लेकीच्या घरी ते कधी गेले नव्हते. म्हणून मी भीतभीतच विचारलं.

"टर्मिनल पाहाले येतो," ते म्हणाले. "राहाले नाही."

मी धावत जाऊन तिकिटं काढली, त्यांचा विचार बदलायच्या आत. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, त्यामुळे आम्ही दोघंच.

जाणाऱ्यांसाठी: दुर्गहून सकाळी लवकर सुटणारी खुर्च्यांची वेगवान गाडी दुपारी विशाखापट्टणमला सोडते. तिकीट महाग वाटतं, पण त्यात नाश्ता-जेवण घेता येतं आणि दिवसाउजेडी सगळा रस्ता दिसतो. भिलाईतल्या आमच्या मरोद्याहून दुर्ग स्टेशनला पहाटे ऑटो मिळेल या भरवशावर राहू नका, आदल्या दिवशीच सांगून ठेवा. महासमुंद गेलं की झाडी दाट होते, टिटलागडनंतर डोंगर जवळ यायला लागतात, आणि ओरिसातल्या रायगड्याच्या आसपास तर एकामागून एक वळणं आणि बोगदे. डोंगराच्या बाजूला बसायला मिळालं तर सोडू नका. मी फोटो काढत होते, मामाजी पुलांचे गर्डर पाहत होते. दर पुलाला "आपल्याकडचंच लोखंड असन" असं म्हणून त्यांनी ओरिसा पार केला.

स्टेशनवर रश्मी आणि श्रीनिवास दोघंही आले होते. श्रीनिवासने वाकून नमस्कार केला, मामाजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि लगेच विचारलं, "टर्मिनल कितीक दूर हाये?"

"बाबा, उद्या!" रश्मी म्हणाली. "आज घरी चला. चहा तरी घ्या."

घर तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीतून इमारतींच्या फटीतून समुद्राची निळी पट्टी दिसते. मामाजी दारात जरा थबकले. मग चप्पल काढून आत गेले आणि थेट गॅलरीत जाऊन उभे राहिले. रश्मी स्वयंपाकघरात माझा हात घट्ट दाबून म्हणाली, "वहिनी, आले गं खरंच." मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी कोथिंबीर निवडायला घेतली.

संध्याकाळी रामकृष्ण बीचवर गेलो. तिथली मुरी मिक्श्चर, म्हणजे कुरमुऱ्यांची झणझणीत भेळ, नक्की खा. पाण्यात उतरायचा मोह आवरा, लाटा फसव्या आहेत आणि तशा पाट्याही लावल्या आहेत. समुद्राविषयी मामाजींचं मत एवढंच पडलं, "आवाज लय करते बाप्पा."

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीनिवासने पेसरट्टू केले. हिरव्या मुगाचे डोसे, आत उपमा भरलेला, सोबत आल्याची चटणी. मामाजींनी डोशाच्या पोटात उपमा पाहून भुवया उंचावल्या. "एका खाण्यात दुसरं खाणं कावून भरलं?" असं विचारत त्यांनी तीन खाल्ले.

आणि मग टर्मिनल! सर्वसामान्यांना असंच आत जाता येत नाही, जहाजाचं तिकीट असावं लागतं. रश्मीचं तिथे कामानिमित्त येणं-जाणं असल्यामुळे आम्हाला रीतसर पास मिळाला. बंदराच्या धुळीतून, कोळशाचे ढीग आणि ट्रक ओलांडून गाडी वळली आणि समोर ती चकचकीत इमारत आली. मला वाटलं आपण विमानतळावर आलो. उंच छत, पॉलिश केलेली फरशी, पासपोर्ट तपासायच्या खिडक्यांची रांग, सामानाचे पट्टे. आणि माणूस एकही नाही! एक बाई लांबलचक पोछा मारत होत्या, बाकी सगळं शांत. धक्क्यावर पाणी चुबुकचुबुक करत होतं. त्या दिवशी जहाजच नव्हतं.

माझा जरा हिरमोड झाला. मामाजींचा मात्र नाही. ते त्या रिकाम्या हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी अगदी मुद्द्याचा प्रश्न विचारला.

"आज जहाज नाही. उद्याही नसन. मग याचा खर्च कोन देऊन राहिला?"

रश्मीचा चेहरा असा उजळला की बस. धक्क्याजवळच्या कठड्यावर आम्हाला बसवून तिने समजावलं. हे टर्मिनल बंदराने आणि केंद्र सरकारने मिळून बांधलं. पण जगात पुष्कळ ठिकाणी जहाज कंपन्या स्वतः पैसा घालतात. का? जहाजं इतकी मोठी झाली की जुन्या धक्क्यांना ती लागत नाहीत. हंगामातल्या शनिवारी एका बंदरात जागा मिळाली नाही, तर कंपनीची सगळी सफरच कोसळते. तेव्हा कंपनीला हवी असते हक्काची जागा, आणि बंदराकडे नसतो पैसा.

"म्हंजे आमचा केटरर," मामाजी म्हणाले.

"हो ना! आता ऐका बाबा. कंपनी पैसे देते, पण बंदर विकत नाही घेत. जमीन बंदराचीच. कंपनीला मिळतो पहिला हक्क, तोही ठरलेल्या दिवसांवर. तिने दोन वर्षं आधी तारखा सांगायच्या. बाकीच्या दिवशी बंदर दुसऱ्याला जागा देणार."

"आन् तिचं जहाज आलंच नाही त?"

"तरी पैसे द्यायचे! वर्षाला इतके प्रवासी आणीन, असं ती लिहून देते. कमी आणले तरी तेवढ्यांचे पैसे भरायचे. तोच कागद पाहून बँक कर्ज देते. प्रवाशांच्या तिकिटातून माणशी थोडे थोडे कापून कर्ज फिटतं. आणि ठरलेली वर्षं संपली की इमारत, यंत्रं, सगळं बंदराचं."

मी तर टाळ्याच वाजवल्या. आम्ही मंडळात आजवर दोनच गोष्टी करत होतो, एक तर वर्गणीची झोळी फिरवायची नाहीतर सगळं देऊन मोकळं व्हायचं. मधला रस्ता कोणाला सुचलाच नव्हता. मामाजी लगेच मानतील तर ते मामाजी कसले! त्यांनी रश्मीला तासभर पिळून काढलं. छप्पर गळलं तर दुरुस्ती कोणाची? कंपनी बुडाली तर? दुसऱ्याचं जहाज आधी लागलं असेल तर? ती प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होती, मध्येच हिंदीत घुसत होती, हातवारे करत होती. शेवटी मामाजी पाण्याकडे पाहत म्हणाले, "तू हेच काम करून राहिली इतके वर्षं? मले वाटे, टायपिंग करते."

"बाबा, तुम्ही कधी विचारलंच नाही."

मग त्यांनी धक्क्यावरचा दोर बांधायचा जाडजूड लोखंडी खुंट हाताने थोपटला आणि म्हणाले, "आन् ज्याचा हक्क हाये, तो आलाच नाही त जागा रिकामीच ठेवतात का?"

"काही दिवस ठेवतातच. करारात असतं तसं."

"बरोबर हाये," मामाजी म्हणाले.

दुपारी आंध्र पद्धतीचं जेवण जेवलो. केळीच्या पानावर भात, पप्पू म्हणजे घट्ट वरण, तूप घातलेली तिखट पूड आणि आंबाडीचं लोणचं. पोट भरून जेवायला खिशाला चटका बसत नाही, मात्र पाण्याची बाटली जवळ ठेवा. नंतर रोपवेने कैलासगिरीवर गेलो. वरून सगळा किनारा वळलेला दिसतो, तेवढ्यासाठी तरी जाच. आणि जे "राहाले नाही" म्हणून आले होते, त्यांनी परतीचं तिकीट एक दिवस पुढे ढकलायला सांगितलं. गाडीत जागा होती, म्हणून जमलं. तो दिवस त्यांनी रश्मीच्या गॅलरीत बसून काढला. दोघं बाप-लेक कराराचे मुद्दे ठरवत होते, श्रीनिवास कॉफी आणून देत होता आणि मी सुखाने लोळत होते.

रविवारच्या सभेत मामाजी उभे राहिले. जमीन मंडळाची, लग्नाच्या हंगामात पहिला हक्क केटररचा, लग्न लागो न लागो दरवर्षीची ठरलेली रक्कम त्याने द्यायची, पंधरा वर्षांनी सगळं मंडळाचं, आणि मंडळाचे दिवस आधीच बाजूला काढलेले. केटररलाही सभेला बोलावलं होतं; मंडळाच्या दिवसांचा आकडा ऐकून त्याने छत्तीसगढीत मला विचारलं,

"अतका दिन? बहुत होगे, भाभी!"

"बाकी साल आपका है ना, भैया," मी म्हटलं. त्याने डोकं खाजवलं, भावाला फोन केला, पुन्हा डोकं खाजवलं आणि हो म्हणाला. तीस वर्षांचं बोलणं पंधरावर आलं, आणि छप्पर त्याच्याच पैशाने होणार!

मग ते दिवस कोणते हे ठरवणं सुरू झालं आणि एकच गलका. गणपती, कोजागिरी, हळदीकुंकू. माझ्या वर्गाच्या दोन संध्याकाळी मी ओरडून ओरडून मिळवल्या. सगळं झाल्यावर मामाजींनी हात वर केला.

"फेब्रुवारीतला दुसरा रविवार मले पाहिजे. भाडं मी भरीन."

"काय हाये त्या दिवशी, भाऊ?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझ्या पोरीच्या लग्नाचं जेवन राहून गेलं हाये."

मग मागून एका आजींनी विचारलं की जेवायला कोणाकोणाला बोलावणार, आणि सगळे हसले. माझे डोळे मात्र भरून आले. बाहेर येऊन मी रश्मीला फोन लावला. ती नाक ओढत म्हणाली, "वहिनी, श्रीनिवासकडचे खूप लोक येतील गं. चालेल का, बाबांना विचार."

लोक मला विचारतात की विशाखापट्टणमला काय पाहावं. समुद्र पाहा, कैलासगिरी पाहा, रायगड्याचे डोंगर पाहा. पास मिळाला तर ते टर्मिनलही पाहा, आणि शक्यतो जहाज नसलेल्या दिवशी जा. मला अजून तो रिकामा हॉल आणि त्याच्या मधोमध उभे असलेले मामाजी आठवतात.

रश्मीचा निरोप सांगितला तेव्हा मामाजी केटररसोबत गळक्या छपराखाली उभे होते.

"येऊ दे म्हना सगळे," ते म्हणाले, आणि केटररकडे वळले. "आन् तू बाबू, तोवर पेसरट्टू शिकून घे. आत उपमा भरा लागते."